ऑनलाइन दुकानाला त्रयस्थ पेमेंट सेवा कशी जोडावी

ऑनलाइन दुकान उभे राहिले, मालाची छायाचित्रे चढवून झाली आणि कार्टमध्ये वस्तू टाकता येऊ लागल्या, की 'पैसे भरा' हे बटण तेवढे बसवायचे राहते. नवख्या दुकानदाराला हे काम सगळ्यांत सोपे वाटते. पेमेंट सेवा पुरवणाऱ्या कंपन्याही दहा मिनिटांत जोडणी होते असे सांगतात, आणि त्यात फारसे खोटे नाही; बटण खरोखरच दहा मिनिटांत दिसू लागते. मात्र बटण दिसणे वेगळे आणि पैसे आले की नाही हे दुकानाला खात्रीने कळणे वेगळे. पुढील बहुतेक पायऱ्या या दुसऱ्या कामासाठी आहेत, कारण नवीन दुकानांत होणारे घोटाळे बहुधा तिथेच होतात.

पैशाचा प्रवास आधी समजून घ्या

ग्राहकाने कार्डाचा तपशील भरला की ती विनंती पेमेंट सेवेकडून दुकानाच्या बाजूच्या बँकेकडे जाते, तिथून व्हिसा किंवा मास्टरकार्डसारख्या जाळ्यातून ग्राहकाच्या बँकेपर्यंत पोहोचते, आणि ती बँक होकार किंवा नकार देते. हा सारा फेरा काही सेकंदांत पुरा होतो. पण होकार म्हणजे पैसे हाती आले असे नाही. होकार मिळाला की ग्राहकाच्या खात्यात तेवढी रक्कम फक्त अडवून ठेवली जाते. ती प्रत्यक्ष उचलणे ही पुढची वेगळी क्रिया असते, आणि उचललेली रक्कम सेवेचे शुल्क वजा होऊन दुकानाच्या बँक खात्यात जमा होणे ही तिसरी, ज्याला सेटलमेंट म्हणतात. बहुतेक दुकानांत पहिल्या दोन क्रिया एकदमच केल्या जातात, त्यामुळे त्यांतला फरक जाणवत नाही. माल तयार करायला वेळ लागत असेल तर मात्र रक्कम आधी अडवून ठेवून माल पाठवताना उचलण्याची सोय वापरता येते. अशी अडवणूक कायम टिकत नाही हे लक्षात ठेवावे. तिची मुदत कार्डाच्या प्रकारानुसार आणि सेवेनुसार ठरते, ती बहुधा काही दिवसांचीच असते, आणि मुदत टळली की रक्कम ग्राहकाला आपोआप मोकळी होते.

जोडणीचा प्रकार ठरवा

त्रयस्थ सेवा जोडण्याच्या ढोबळमानाने तीन तऱ्हा आहेत. पहिलीत ग्राहकाला पैसे भरण्यासाठी सेवेच्या स्वतःच्या पानावर पाठवले जाते आणि काम झाले की तो दुकानात परत येतो. दुसरीत ग्राहक दुकानाच्याच पानावर राहतो, पण कार्डाचा क्रमांक लिहिण्याचे रकाने एका चौकटीत सेवेकडून आलेले असतात, त्यामुळे क्रमांक दुकानाच्या सर्व्हरला शिवत नाही. तिसरीत दुकान स्वतः कार्डाचा तपशील घेते आणि पुढे पाठवते.

नवख्याने तिसऱ्या वाटेला जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कार्डाची माहिती हाताळणाऱ्या प्रत्येकाला पीसीआय डीएसएस या सुरक्षा मानकाचे नियम पाळावे लागतात. हे मानक पहिल्यांदा डिसेंबर २००४ मध्ये आले, आणि व्हिसा, मास्टरकार्ड, अमेरिकन एक्सप्रेस, डिस्कव्हर व जेसीबी या पाच कंपन्यांनी २००६ मध्ये स्थापन केलेली परिषद ते सांभाळते. कार्डाचा क्रमांक एकदा तुमच्या सर्व्हरवरून गेला की मानकातील जवळजवळ सगळ्या अटी तुम्हाला लागू होतात; पहिल्या दोन तऱ्हांत मात्र स्वतःच भरून द्यायची एक तुलनेने छोटी प्रश्नावली बहुतेक छोट्या दुकानांना पुरते. कार्डाच्या मागचा तीन आकडी सुरक्षा क्रमांक तर बँकेचा होकार आल्यानंतर कोणत्याही स्वरूपात साठवण्यास मनाई आहे. ग्राहकाने तो ईमेलने पाठवला आणि तो ईमेल तसाच पडून राहिला, तरी तेही साठवणेच.

पहिल्या दोहोंत निवड करायची तर सुरुवातीला पहिली तऱ्हा घ्यावी. ग्राहक पानाबाहेर जातो हे काही दुकानदारांना खटकते, तरी ग्राहकाला ओळखीच्या सेवेचे पान दिसल्याने त्याचा विश्वास वाढतो हेही खरे. शिवाय दुसऱ्या तऱ्हेत चौकट सुरक्षित असली तरी तिच्या भोवतीचे पान तुमचे असते. त्या पानावर घुसवलेली एखादी बाहेरची स्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा छोटा प्रोग्राम, खऱ्या रकान्यांवर खोटे रकाने मांडू शकते. अशा चोऱ्या मोठ्या प्रमाणावर झाल्यामुळेच या मानकाच्या चौथ्या आवृत्तीत पैसे भरण्याच्या पानावरील स्क्रिप्टची नोंद आणि देखरेख ठेवण्याच्या अटी आल्या, आणि त्या ३१ मार्च २०२५ पासून लागू झाल्या. म्हणून जाहिरातींच्या, गप्पांच्या आणि मोजणीच्या स्क्रिप्ट चेकआउटच्या, म्हणजे पैसे भरण्याच्या, पानावरून काढून टाकाव्यात. त्यांचे तिथे काही काम नसते.

सेवा निवडताना काय पाहावे

शुल्काचा दर सगळेच पाहतात. त्याच्याइतकेच महत्त्वाचे असलेले इतर काही मुद्दे मात्र नजरेआड होतात. परतावा दिल्यावर मूळ व्यवहाराचे शुल्क सेवा परत करते की ठेवून घेते? दुसऱ्या चलनातील पैसे आले तर बदलाचा दर कोण ठरवते? पैसे खात्यात यायला किती दिवस लागतात, आणि नव्या दुकानाच्या रकमेचा काही भाग सेवा राखून ठेवते का? तुम्ही विकता तो माल सेवेच्या निषिद्ध यादीत तर नाही ना? हा शेवटचा प्रश्न हास्यास्पद वाटेल, पण खाते उघडून, पैसे येऊ लागल्यावर, कोणीतरी तपासणी करताना ते गोठवल्याची उदाहरणे याच कारणाने घडतात. ती यादी सेवेच्या अटींत असते आणि ती वाचायला अर्धा तास पुरतो.

दुकान ज्या तयार मंचावर आहे त्याचेही नियम पाहावेत. शॉपिफायवर त्या मंचाची स्वतःची पेमेंट सेवा न वापरता त्रयस्थ सेवा जोडली तर सेवेच्या शुल्काखेरीज मंचाचे वेगळे शुल्क लागते. वूकॉमर्सवर असे शुल्क नाही, पण तिथे जोडणीचे प्लगइन, म्हणजे दुकानाला जोडायचा पूरक प्रोग्राम, कोण सांभाळते हे पाहण्याची जबाबदारी तुमची. प्लगइन सेवेने स्वतः काढलेले असावे, निदान ते अलीकडे अद्ययावत झालेले असावे. दोन वर्षे हात न लागलेले फुकट प्लगइन पैशाच्या वाटेवर बसवू नये.

खाते उघडणे

खाते उघडताना व्यवसायाची, मालकाची आणि बँक खात्याची कागदपत्रे मागितली जातात. ती तपासून होईपर्यंत चाचणीचे खाते बहुधा लगेच मिळते, तेव्हा थांबून राहण्याचे कारण नाही. अर्ज करण्यापूर्वी दुकानाच्या संकेतस्थळावर संपर्काचा पत्ता, माल पोहोचवण्याचे नियम आणि परताव्याचे धोरण वाचता येईल असे ठेवावे. तपासणारा माणूस तेच आधी शोधतो, आणि ते नसेल तर अर्ज अडकतो.

इथेच एक छोटा रकाना भरताना विचार करावा. ग्राहकाच्या बँकेच्या विवरणपत्रात तुमच्या व्यवहारासमोर जे नाव छापले जाते ते तुम्हालाच द्यायचे असते. स्ट्राइप या पेमेंट सेवेवर ते ५ ते २२ अक्षरांत बसवावे लागते. कंपनीचे नोंदणीचे नाव एक आणि दुकानाचे नाव दुसरेच असेल, तर दुकानाचे नाव द्यावे. महिनाभराने विवरणपत्र पाहणाऱ्या ग्राहकाला नाव ओळखता आले नाही, तर तो हा व्यवहार आपला नव्हेच असे बँकेला कळवतो आणि मग सगळी कटकट तुमच्या मागे लागते.

किल्ल्या

खाते तयार झाले की एपीआय की मिळतात, म्हणजे दुकानाचा प्रोग्राम सेवेला स्वतःची ओळख पटवण्यासाठी वापरतो त्या अक्षरांच्या लांबलचक माळा. वाक्यावाक्याला येणाऱ्या 'की'शी त्यांचा घोळ होऊ नये म्हणून मी त्यांना किल्ल्या म्हणतो. त्या बहुधा जोडीने येतात. एक जाहीर किल्ली, जी ब्राउझरमध्ये दिसली तरी चालते, आणि दुसरी गुप्त किल्ली, जिच्या जोरावर रकमा उचलता येतात आणि परतावेही देता येतात. शिवाय चाचणीची जोडी वेगळी आणि प्रत्यक्ष व्यवहारांची जोडी वेगळी असते. चारही किल्ल्या वरवर पाहता सारख्या दिसतात, म्हणून चिकटवताना प्रत्येकीच्या सुरुवातीची अक्षरे वाचण्याची सवय लावावी. अनेक सेवांनी चाचणीची किल्ली कोणती हे तिथेच लिहिलेले असते.

गुप्त किल्ली दुकानाच्या प्रोग्रामच्या फायलींत लिहू नये. ती सर्व्हरच्या स्वतंत्र सेटिंगमध्ये ठेवावी, ईमेलने किंवा चॅटवर कोणाला पाठवू नये. मदतीसाठी पडद्याचे छायाचित्र पाठवतानाही ती झाकली आहे ना ते पाहावे. ती चुकून गिटच्या, म्हणजे प्रोग्रामच्या सगळ्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनाच्या, सार्वजनिक साठ्यात गेली असेल, तर फाइल पुसून भागत नाही, कारण जुन्या आवृत्तीत ती तशीच राहते. अशा वेळी सेवेच्या डॅशबोर्डवर, म्हणजे खात्याच्या नियंत्रणाच्या पानावर, जाऊन ती किल्ली रद्द करावी आणि नवी घ्यावी.

संकेतस्थळाला एचटीटीपीएस असणे आता वेगळे सांगावे लागत नाही. फक्त सर्व्हर टीएलएसची, म्हणजे एचटीटीपीएसमागच्या सांकेतिक संरक्षणाच्या पद्धतीची, १.२ किंवा त्यापुढील आवृत्ती वापरतो ना, हे होस्टिंगवाल्याला विचारून घ्यावे. १.० आणि १.१ या आवृत्त्या २०२१ मध्ये अधिकृतपणे मोडीत काढल्या गेल्या आहेत आणि पेमेंट सेवा त्यांवरून आलेली जोडणी नाकारतात.

दुकानात प्रत्यक्ष जोडणी

प्रथम दुकानाची पूर्ण प्रत काढून ठेवावी, आणि शक्य असल्यास जोडणी आधी दुकानाच्या चाचणी-प्रतीवर करावी. वूकॉमर्समध्ये प्लगइन बसवल्यावर सेटिंगमधील पेमेंट विभागात नवी सेवा दिसू लागते. तिथे चाचणी स्थिती चालू करून चाचणीच्या किल्ल्या भराव्यात. ग्राहकाला दिसणारे नाव प्लगइनने जे दिले असेल ते तसेच ठेवू नये. 'पेमेंट गेटवे' हा शब्द दुकानदाराच्या कामाचा आहे. ग्राहकाला 'कार्डाने पैसे भरा' असे काहीतरी वाचायला मिळाले पाहिजे. आधीपासून दुसरा पर्याय चालू असेल तर नवा पर्याय काही दिवस त्याच्या खाली ठेवावा आणि स्थिरावल्यावर वर आणावा. पर्यायांची गर्दी मात्र करू नये. प्रत्येक वाढीव पर्याय म्हणजे सांभाळायचे आणखी एक प्लगइन आणि जुळवायचा आणखी एक हिशेब.

तयार प्लगइन न वापरता जोडणी स्वतः लिहिणार असाल, किंवा कोणाकडून लिहून घेणार असाल, तर तीन गोष्टी तपासाव्यात. प्लगइन वापरणाऱ्यांनीही त्या समजून घ्याव्यात, कारण बिघाड झाला की शोध इथूनच सुरू होतो.

पहिली गोष्ट रकमेची. किती पैसे घ्यायचे हे दुकानाच्या सर्व्हरने स्वतःच्या किमतींवरून ठरवावे. ब्राउझरकडून आलेल्या रकमेवर विसंबू नये, कारण ब्राउझरमधले काहीही ग्राहकाला बदलता येते. स्ट्राइपसारख्या बऱ्याच सेवा रक्कम चलनाच्या सर्वांत लहान एककात मागतात, म्हणजे साडेबारा डॉलर हवे असतील तर १२५० असे पाठवायचे. मात्र जपानी येनला लहान नाणेच नाही, त्यामुळे तिथे १२५० म्हणजे १२५० येनच. आणि कुवेती दिनाराचे हजार भाग होतात, म्हणून सरसकट शंभराने गुणणारा प्रोग्राम तिथेही चुकतो. रकमा पूर्णांकातच ठेवाव्यात. दशांश अपूर्णांकांत बेरीज करणाऱ्या संगणकाला ०.१ आणि ०.२ मिळून नेमके ०.३ होत नाहीत, आणि हा सूक्ष्म फरक कधीतरी एखाद्या बिलात उमटतोच.

दुसरी गोष्ट क्रमाची. ग्राहकाला सेवेच्या पानावर पाठवण्याआधी दुकानात ऑर्डर नोंदलेली असावी, तिची स्थिती 'पैसे येणे बाकी' अशी असावी, आणि तिचा क्रमांक सेवेकडे सोबत पाठवलेला असावा. सेवेने दिलेला व्यवहार क्रमांकही त्याच ऑर्डरवर लिहून ठेवावा. पैसे आल्यावर ऑर्डर बनवणारी दुकाने मी पाहिली आहेत; तिथे ग्राहकाचे पैसे कापले जातात आणि कोणत्या मालासाठी ते कोणालाच सांगता येत नाही.

तिसरी गोष्ट दुबार विनंतीची. ग्राहक बटण दोनदा दाबतो, किंवा जाळे मध्येच तुटल्याने सर्व्हर तीच विनंती पुन्हा पाठवतो. प्रत्येक प्रयत्नाला एक स्वतंत्र ओळखचिन्ह दिले आणि पुनर्विनंतीत तेच पुन्हा पाठवले, तर सेवा दुसऱ्यांदा पैसे न घेता पहिलेच उत्तर परत देते. बहुतेक सेवांत ही सोय आहे. ती वापरायचे लक्षात ठेवावे लागते.

ग्राहक परतला म्हणजे पैसे आले असे नव्हे

जोडणी करताना दुकानाच्या दोन पानांचे पत्ते सेवेला द्यावे लागतात. पैसे भरून झाल्यावर ग्राहकाला जिथे पाठवायचे ते एक, आणि त्याने माघार घेतली तर जिथे पाठवायचे ते दुसरे. नवखा माणूस साहजिकच पहिल्या पानावर असा प्रोग्राम लिहितो, की ग्राहक इथे पोहोचला म्हणजे ऑर्डरचे पैसे मिळाले. ही चूक दोन्ही बाजूंनी महागात पडते. पैसे भरल्यावर ग्राहकाने खिडकी बंद केली किंवा त्याच्या फोनची बॅटरी संपली, तर तो त्या पानावर येतच नाही, आणि पैसे येऊनही ऑर्डर बाकीच राहते. उलट ज्याला त्या पानाचा पत्ता ठाऊक आहे तो एक छदामही न भरता थेट तिथे येऊ शकतो.

म्हणून ग्राहकाचे परत येणे ही केवळ वर्दी समजावी. पैसे आल्याचा खरा पुरावा सेवेच्या सर्व्हरने तुमच्या सर्व्हरला परस्पर कळवलेला असला पाहिजे, किंवा तुमच्या सर्व्हरने सेवेला विचारून मिळवलेला असला पाहिजे. परस्पर कळवण्याच्या या पद्धतीला वेबहूक म्हणतात. दुकानाच्या संकेतस्थळावर फक्त या कामासाठी एक पत्ता ठेवायचा, तो सेवेच्या डॅशबोर्डवर नोंदवायचा, आणि कोणत्या घटना कळवायच्या ते निवडायचे. पैसे मिळाले, व्यवहार फसला, परतावा झाला आणि ग्राहकाने तक्रार केली, इतक्या घटना सुरुवातीला पुरतात.

या पत्त्यावर येणारा प्रत्येक निरोप खरोखर सेवेकडूनच आला आहे हे तपासणे अत्यावश्यक आहे, कारण पत्ता कळला तर तसा खोटा निरोप कोणीही पाठवू शकतो. त्यासाठी निरोपाबरोबर स्वाक्षरी येते. स्ट्राइपच्या पद्धतीत सेवा आणि दुकान या दोघांनाच ठाऊक असलेल्या गुपिताच्या साहाय्याने, निरोपाचा मजकूर आणि वेळ मिळून ही स्वाक्षरी काढलेली असते. दुकानाने तेच गणित स्वतः करून दोन्ही उत्तरे जुळतात का ते पाहायचे. इथे बहुतेक जण एका बारीक गोष्टीला फसतात: हे गणित निरोप जसा आला तशा कच्च्या मजकुरावर करावे लागते. प्रोग्रामने आधी मजकूर उलगडून पुन्हा जुळवला, एखादी मोकळी जागा इकडची तिकडे झाली, की स्वाक्षरी जुळत नाही आणि माणूस दिवसभर गुपितच चुकले असे समजून ते पुन्हा पुन्हा चिकटवत बसतो. निरोपाची वेळ तपासायची ती जुना खरा निरोप पकडून कोणी पुन्हा पाठवू नये म्हणून. स्ट्राइपच्या तयार साधनांत ही सवलत पाच मिनिटांची असते, त्यामुळे सर्व्हरचे घड्याळ बरोबर असावे.

स्वाक्षरी जुळली की निरोप आधी नोंदवून ठेवावा, सेवेला लगेच पोहोच द्यावी, म्हणजे २०० या क्रमांकाचे उत्तर पाठवावे, आणि ईमेल पाठवणे, साठा कमी करणे ही वेळखाऊ कामे मागाहून करावीत. पोहोच मिळाली नाही तर सेवा तोच निरोप पुन्हा पाठवते. स्ट्राइप प्रत्यक्ष व्यवहारांसाठी तीन दिवसांपर्यंत प्रयत्न करत राहते, आणि पेपाल ही दुसरी पेमेंट सेवाही तीन दिवसांत २५ वेळा प्रयत्न करते. ही चिकाटी उपकारकच आहे, पण तिच्यामुळे एकच निरोप दोनदा येऊ शकतो आणि निरोपांचा क्रमही उलटसुलट होऊ शकतो. प्रत्येक निरोपाचा क्रमांक नोंदवून, आधी हाताळलेला असेल तर काही न करता केवळ पोहोच द्यावी. शेवटी निरोपातील रक्कम आणि चलन ऑर्डरशी ताडून पाहावे, आणि मगच ऑर्डरची स्थिती बदलावी.

निरोप येतच नसतील तर दोष प्रोग्राममध्ये असेलच असे नाही. सुरक्षेचे प्लगइन किंवा फायरवॉल अनोळखी सर्व्हरची विनंती अडवते, चाचणी-प्रतीवर पासवर्ड लावलेला असतो, किंवा तो पत्ता दुसऱ्या पत्त्याकडे वळवलेला असतो आणि सेवा तसे वळण घेत नाही. सेवेच्या डॅशबोर्डवर प्रत्येक निरोपाला तुमच्या सर्व्हरने काय उत्तर दिले ते दिसते. शोध तिथून सुरू करावा. आणि वेबहूक कितीही चांगला चालला तरी, अर्ध्या तासापेक्षा जुन्या बाकी ऑर्डरींबद्दल सेवेला स्वतः विचारणारे एक छोटे काम सर्व्हरवर ठरावीक वेळाने चालवावे. ते महिन्यातून एखाद्याच ऑर्डरसाठी उपयोगी पडेल, पण तो ग्राहक तुटत नाही.

या मधल्या काळात ग्राहकाला काय दिसते हेही पाहिले पाहिजे. तो परत आला आणि निरोप अजून आला नसेल, तर पानावर 'व्यवहार तपासत आहोत, कृपया पुन्हा पैसे भरू नका' असे लिहावे. बँकेने स्पष्ट नकार दिला असेल तरच 'व्यवहार झाला नाही' असे म्हणावे. 'काहीतरी चूक झाली' हे वाक्य पैशाच्या पानावर नसावे; ते वाचून घाबरलेला माणूस पुन्हा पैसे भरतो.

चाचणी

चाचणी स्थितीत सेवेने दिलेले खोटे कार्ड क्रमांक चालतात. स्ट्राइपचा ४२४२ ४२४२ ४२४२ ४२४२ हा क्रमांक नेहमी यशस्वी होतो, आणि ४००० ०००० ०००० ०००२ हा नेहमी नाकारला जातो. पेपालसाठी सँडबॉक्स नावाचे वेगळे चाचणीचे जग आहे, ज्यात खोटा ग्राहक आणि खोटा दुकानदार अशी दोन खाती मिळतात. खरे कार्ड चाचणीत वापरू नये.

यशस्वी व्यवहार पाहून समाधान मानू नये, कारण तो चालणारच. नाकारलेले कार्ड वापरावे आणि कार्ट रिकामी तर होत नाही ना ते पाहावे. बँक जादा पडताळणी मागते ते कार्ड वापरावे, आणि पडताळणी अर्धवट सोडून पाहावी. बटण भराभर दोनदा दाबावे. पैसे भरून झाल्यावर ब्राउझरचे मागे जाण्याचे बटण दाबावे. वेबहूकचा पत्ता मुद्दाम चुकीचा करून एक ऑर्डर द्यावी, मग तो दुरुस्त करून निरोप पुन्हा पाठवायला लावावा. आणि मला सर्वांत जास्त शिकवणारी चाचणी: पैसे भरल्याच्या क्षणी ब्राउझरची खिडकी बंद करावी आणि पाच मिनिटांनी ऑर्डरची स्थिती पाहावी. ती 'पैसे मिळाले' अशी झाली नसेल, तर तुमची जोडणी अजून ग्राहकाच्या परत येण्यावरच उभी आहे असे समजावे.

प्रत्यक्ष व्यवहार सुरू करताना

आता चाचणीच्या किल्ल्या काढून खऱ्या किल्ल्या घालायच्या, चाचणी स्थिती बंद करायची आणि वेबहूकचा पत्ता प्रत्यक्ष व्यवहारांच्या बाजूला नव्याने नोंदवायचा. नव्याने नोंदवलेल्या पत्त्याचे स्वाक्षरी तपासण्याचे गुपितही नवे असते, आणि हे विसरणे फार सोपे आहे. माझ्या पहिल्या दुकानात मी तेच विसरलो. पैसे खऱ्या किल्लीने रीतसर येत होते, पण गुपित चाचणीचेच राहिल्याने प्रत्येक निरोप खोटा ठरवून माझाच सर्व्हर परतवून लावत होता. ऑर्डरी बाकी राहत होत्या. त्यावर कडी म्हणजे, वूकॉमर्समध्ये पैसे न आलेल्या ऑर्डरीसाठी साठा किती मिनिटे राखून ठेवायचा याचे एक सेटिंग असते, ते मुळात ६० मिनिटांचे असते, आणि ती वेळ संपली की ऑर्डर आपोआप रद्द होते. ज्यांनी पैसे भरले होते त्यांनाच ऑर्डर रद्द झाल्याचे ईमेल गेले. एकेकाला पत्र लिहून माफी मागण्यात संध्याकाळ गेली.

तेव्हापासून मी दुकान उघडण्याआधी स्वतःच्या कार्डाने एक लहानशी खरी खरेदी करतो. ऑर्डरची स्थिती बदलली का, ईमेल आले का, डॅशबोर्डवर व्यवहार दिसतो का, आणि विवरणपत्रावर नाव कसे उमटते, एवढे पाहून मग तीच रक्कम परत करतो, म्हणजे परताव्याचीही परीक्षा होते. सुरुवात गर्दीच्या दिवशी किंवा सुटीच्या आदल्या संध्याकाळी करू नये. सेवेचा मदतकक्ष उघडा असेल असा साधा दिवस निवडावा.

परतावे, तक्रारी आणि रोजचा ताळा

परतावा नेहमी मूळ व्यवहारावरूनच द्यावा, म्हणजे पैसे ज्या कार्डावरून आले त्याच कार्डावर जातात. ग्राहकाने दुसऱ्या खात्यात पैसे मागितले तर नम्रपणे नकार द्यावा. मूळ कार्ड चोरीचे असेल आणि खऱ्या मालकाने नंतर बँकेकडे तक्रार केली, तर तुम्ही तीच रक्कम दोनदा गमावता. परतावा दुकानाच्या ऑर्डरच्या पानावरून दिला की दोन्हीकडे नोंद होते. सेवेच्या डॅशबोर्डवरून दिला तर तो दुकानात उमटतो का, हे एकदा तपासून घ्यावे.

ग्राहकाने थेट त्याच्या बँकेकडे हरकत घेतली तर त्याला चार्जबॅक म्हणतात. रक्कम तुमच्याकडून लगेच काढून घेतली जाते, वर वेगळे शुल्क लागते, आणि पुरावे देण्यासाठी मोजके दिवस मिळतात. ऑर्डरचा तपशील, माल पोहोचल्याची पावती, ग्राहकाशी झालेला पत्रव्यवहार आणि खरेदीच्या वेळी त्याने मान्य केलेले परताव्याचे धोरण एकाच जागी ठेवलेले असेल, तर उत्तर देणे तासाभराचे काम होते. अशी हरकत व्यवहारानंतर कित्येक महिन्यांनीही येऊ शकते, म्हणून हे कागद माल पोहोचला म्हणून टाकून देऊ नयेत. आणि रक्कम लहान असेल, चूक दुकानाचीच असेल, तर लढत न बसता हरकत मान्य करणे स्वस्त पडते.

ताळा निदान आठवड्यातून एकदा, सुरुवातीच्या महिन्यात मात्र रोज घालावा. दुकानातील पैसे मिळालेल्या ऑर्डरींची बेरीज, सेवेच्या डॅशबोर्डवरील व्यवहारांची बेरीज आणि बँकेत जमा झालेली रक्कम, असे तीन आकडे समोर ठेवावेत. पहिले दोन नेमके जुळले पाहिजेत; एका ऑर्डरचाही फरक असेल तर व्यवहार क्रमांकावरून ती शोधून काढावी. तिसरा आकडा शुल्क, परतावे आणि चार्जबॅक वजा जाता जुळतो, पण सेटलमेंटला दिवस लागत असल्याने तो त्याच दिवशीच्या विक्रीशी जुळवू नये. बँकेतली एकेक जमा रक्कम कोणत्या व्यवहारांची मिळून झाली आहे याचा तक्ता सेवेच्या डॅशबोर्डवरून उतरवून घेता येतो. तो दर महिन्याला उतरवून हिशेबनिसाकडे द्यावा, कारण विक्रीची नोंद पूर्ण रकमेने आणि शुल्काची नोंद खर्च म्हणून वेगळी करायची असते, आणि बँकेत आलेला निव्वळ आकडाच विक्री म्हणून लिहिला गेला तर वर्षअखेरीस तो उलगडताना फार त्रास होतो.